गाडीवर तपासणी केली

बॅटरीच्या खोलीत काम करणाऱ्याला कपड्यांचा शौक परवडत नाही. आम्लाचा थेंब उडतो त्या दिवशी काहीच दिसत नाही. शर्ट धुवून वाळत घातला की त्यातून आभाळ दिसायला लागतं. खडूमास्तरांचे सगळे शर्ट असे चाळणी झालेले होते. लष्कराच्या मोटार यार्डात छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, मोठ्या ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्या जिवंत करून परत पाठवायचं. स्वतः ते सैनिक नव्हते, नागरी नोकर होते. सलाम ठोकायची सक्ती नव्हती, आणि हौसेनेही त्यांनी तो कधी ठोकला नाही.

खडूमास्तर हे नाव जवानांनी ठेवलेलं. खोलीत आलेल्या प्रत्येक बॅटरीच्या अंगावर ते खडूने गाडीचा नंबर, तारीख आणि सहाही सेलचे आकडे लिहायचे. आकडे यायचे हायड्रोमीटरमधून. ती म्हणजे काचेची जाडजूड पिचकारी. तिने सेलमधलं पाणी ओढायचं आणि आतली नळी किती वर तरंगते ते वाचायचं. बाराशे साठ म्हणजे बॅटरी ठणठणीत, अकराशे वीस म्हणजे तिने मान टाकली. मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकही आकडा अंदाजाने लिहिला नव्हता. एका साहेबाला एकदा फार घाई होती, काहीतरी लिहा आणि गाडी सोडा म्हणत होता. मास्तरांनी पिचकारी त्याच्याच हातात दिली आणि तुम्हीच वाचून सांगा म्हणाले. साहेबाच्या पाटलोणीला पडलेली तीन भोकं पुढे बरीच वर्षं यार्डात चवीने सांगितली जायची.

नवे ड्रायव्हर आले की मास्तरांचं ठरलेलं भाषण असायचं. बॅटरी आपोआप मरत नाही, ते सांगायचे. एक तर ती म्हातारी झालेली असते, नाहीतर कुणीतरी तिला गुपचूप पीत असतं. पिणारा सापडायच्या आत भरायला घेतलीत, तर तुम्ही तिला भरत नाही, त्याला पाजताय. म्हणून मेलेली बॅटरी आली की आधी गाडीपाशी जायचं. मेन स्विच बंद करायचा, बॅटरीची एक केबल सोडायची, आणि केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा टेस्ट लॅम्प लावायचा. दिवा लागला नाही तर गाडी निर्दोष. लागला तर वीज कुठेतरी गळतेय, ती जागा शोधायची. मगच चार्जर. इतकी साधी गोष्ट, पण मास्तर ती अशी सांगायचे की पोरं वह्या काढायची.

आठ महिन्यांपूर्वी मास्तरांची बायको गेली.

त्यांना रडू आलं नाही. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला डोंबलाचा. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं अंगभर झालं होतं. चहा गरम आहे की गार, हे वाफ बघून ठरवायला लागायचं. जेवणात मीठ नाही हे समोरच्याचं तोंड बघून कळायचं. आणि समोर असायच्या सासूबाई.

सासूबाई बारा वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला आल्या होत्या. आता वय ऐंशीच्या पुढे, कान अर्धे, जीभ पूर्ण. ज्या माणसामुळे ही दोघं एकमेकांची कुणीतरी लागत होती, ते माणूसच मधून उठून गेलं. त्यामुळे दोन खोल्यांच्या त्या घरात जावई आणि सासू एकमेकांकडे पाहुणे आल्यासारखे वागायचे. आधी तुम्ही वाढून घ्या, छे छे, आधी तुम्ही, यात भात गार व्हायचा. सासूबाई अधूनमधून जुन्या सवयीने टोमणा मारायच्या, अंगात शर्ट आहे की गाळणं म्हणून विचारायच्या. बायको असताना ती भोकांना आतून ठिगळं लावायची. सासूबाईंना आता सुईत दोरा ओवता येत नव्हता.

स्वयंपाकघराच्या खिडकीत टॉनिकच्या तीन तपकिरी बाटल्या धुऊन उपड्या ठेवलेल्या होत्या. आठ महिने त्या तिथेच होत्या. त्या टाकून द्यायचं दोघांपैकी कुणीच नाव काढलं नव्हतं.

कामावर मास्तर एक दिवसही चुकले नाहीत. हातगाडीवरून बॅटऱ्या यायच्या, ते बुचं उघडायचे, आकडे घ्यायचे, पाण्याची पातळी भरून घ्यायचे, गंजलेले टर्मिनल सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन चकचकीत करायचे, चार्जरला लावायचे. चार्जरचं गुणगुणणं आणि सेलमधले बुडबुडे, एवढ्यात दिवस जायचा. फक्त गाडीपर्यंत जाणं सुटलं. यार्डाच्या मैदानापर्यंत दोनशे पावलं चालायची, वाटेत चारजण भेटणार, चौघेही मान तिरकी करून कसं काय मास्तर म्हणणार. नको वाटायचं. रजिस्टरमध्ये एक रकाना होता, ‘गाडीवर तपासणी’. त्यात ते न जाताच ‘केली’ असं लिहायला लागले. पहिल्या वेळी पेन थोडा अडखळला. मग अडखळेनासा झाला.

सात नंबरचा ट्रक सहा चाकांवर दांडगाईने चालणारा जुना गडी होता. त्याचा ड्रायव्हर इतका उंच की केबिनमध्ये घडी घालून बसायचा. त्याला सगळे लंबू म्हणायचे. शुक्रवारी संध्याकाळी लंबू गाडी लावून जायचा, सोमवारी सकाळी ती हूं की चूं करायची नाही. दोन्ही बॅटऱ्या ठार. एका सोमवारी असं झालं, दुसऱ्या सोमवारी झालं, तिसऱ्या सोमवारी तर पाहणीला आलेल्या वरच्या साहेबांसमोर झालं. तिन्ही वेळा बॅटऱ्या मास्तरांकडे आल्या. सगळे सेल सारखेच उतरलेले, एकही आजारी नाही. म्हणजे बॅटऱ्या धडधाकट होत्या, बाहेरून कुणीतरी त्यांना पीत होतं. एकतर ड्रायव्हर मेन स्विच बंद करायला विसरत होता, नाहीतर गाडीत गळती होती. रजिस्टर म्हणत होतं, गाडीवर तपासणी केली. गळतीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणजे गळती नव्हती. म्हणजे लंबू विसरला होता.

लंबू शपथेवर सांगत होता की स्विचचा दांडा मी रोज माझ्या हाताने खाली ओढतो. पण शपथेला यार्डात कोण विचारतो. तीनदा निष्काळजीपणा म्हणजे रीतसर चौकशी. ती गुरुवारी दहाला ठरली. चौदा वर्षांच्या नोकरीनंतर लंबूला हवालदाराची फीत मिळायची होती. दोष सिद्ध झाला की ती जाणार, गाडी जाणार, आणि हा ताडमाड माणूस कोठारात टायर रचत बसणार.

बुधवारी दुपारी लंबू बॅटरीच्या खोलीत आला. दारातून वाकून आत आला आणि वाकलेलाच उभा राहिला. भांडायला आला नव्हता. त्याला फक्त एक कळत नव्हतं.

“काका, सोमवारी मी दिवसभर गाडीपाशीच होतो. तुम्ही तपासायला आलात तेव्हा दिसला कसे नाहीत?”

“जेवायला गेला असशील,” मास्तर म्हणाले.

लंबूने जरा आठवून पाहिलं. मग मान हलवली. तुम्ही तपासलंय म्हणजे तपासलेलंच असणार, असं म्हणून तो निघून गेला. मास्तर सेलच्या बुचाचे आटे पुसत राहिले. आपण आत्ता एका माणसाच्या तोंडावर खोटं बोललो, हे त्यांना स्वच्छ कळलं, पण आत काहीसुद्धा हललं नाही. याचंच त्यांना किंचित नवल वाटलं.

तासाभराने कचेरीतून चौकशीचा छापील कागद आला. बॅटरी विभागाने भरून द्यायचा. मास्तरांनी गाडीचा नंबर भरला, तिन्ही तारखा भरल्या. तिसऱ्या ओळीवर त्यांचा पेन थांबला. तिथे छापलं होतं, ‘टेस्ट लॅम्प लागला का: होय / नाही’.

आता गंमत बघा. ‘केली’ हा शब्द मास्तरांनी या ट्रकसाठी तीनदा बिनदिक्कत लिहिला होता. पण हा शब्द नव्हता, हे रीडिंग होतं. आणि न घेतलेलं रीडिंग लिहायला त्यांचा हात उठेना. यात चांगुलपणा वगैरे काही नव्हता. लंबूचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. काहीजणांना उंबऱ्यावर पाय देता येत नाही तसं होतं ते. ते उठले आणि खिळ्याला टांगलेला टेस्ट लॅम्प काढला. त्याच्यावर बोटभर धूळ होती. चिमट्याला कोळ्याने घर केलं होतं. मास्तरांनी ते शर्टाला पुसलं, खिशात पाना टाकला आणि आठ महिन्यांनी त्या दोनशे पावलांच्या वाटेला लागले. कुणी भेटलं नाही. परेड सुटली होती, मैदान रिकामं होतं.

सात नंबर रांगेच्या टोकाला उभा होता. मेन स्विचचा दांडा खाली होता, म्हणजे बंद. लंबूने तो बंद केला होता. मास्तरांनी पेटीचं झाकण उघडलं, पान्याने केबल सैल करून काढली, दिव्याचा एक चिमटा केबलला लावला, दुसरा बॅटरीला.

दिवा लागला. लुकलुकला नाही, मिणमिणला नाही, चांगला लख्ख लागला.

त्यांनी दांडा वर केला. दिवा तसाच. खाली केला. तसाच. दांडा फिरत होता, आतला तांब्याचा तुकडा मात्र वितळून जागच्या जागी चिकटून बसला होता. लंबू रोज मनोभावे बंद करत होता ते फक्त बाहेरून बंद होत होतं. मास्तरांनी केबल परत जोडली, ट्रकच्या मागे गेले, दोऱ्या सोडल्या आणि ताडपत्री उचलली. आत, खोक्यांच्या मागे, हौद्यातले दोन दिवे जळत होते. त्यांचं बटण कधीकाळी मोडलं होतं, पण मेन स्विचने तेही विझतात म्हणून कुणी दुरुस्तीच्या नादाला लागलं नव्हतं. रोज गाडी चालली की निघून गेलेली वीज भरून यायची. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत मात्र भरणारं कुणी नसायचं, आणि हे दोघे अंधारात बसून प्यायचे.

मास्तर ताडपत्री हातात धरून उभे राहिले. पाच मिनिटांत पत्ता लागला होता. पहिल्याच सोमवारी आले असते तर पहिल्याच सोमवारी लागला असता.

मग त्यांना तिन्ही बाटल्या आठवल्या. बायको थकायला लागली तेव्हा त्यांनी टॉनिकची बाटली आणली होती. आठवडाभर ती बरं वाटतंय म्हणाली, मग पुन्हा तेच. त्यांनी दुसरी आणली. मग तिसरी. डॉक्टरकडे जाऊ, कुठे काय गळतंय ते बघू, असं ते म्हणाले नाहीत. जगाला भाषण देणाऱ्या या माणसाने स्वतःच्या बायकोला तीनदा नुसतंच भरलं. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरने कागदांवरून डोळे वर करून विचारलं होतं, इतके दिवस कुणी तपासलं नाही का? मास्तरांच्या अंगात बधिर करणारी सुई शिरली ती तेव्हा, बायको गेली तेव्हा नव्हे. हे त्यांना आठही महिने माहीत होतं. आज फक्त ते दिव्यासारखं समोर लागलं होतं. तरीही काही दुखलं नाही.

त्यांना यातून सुटायची वाटही दिसत होती. कागदावर लिहायचं, दिवा लागला, स्विच खराब, तारीख आजची. स्विच काय, कधीही बिघडतो, आजच बिघडला. मग तिन्ही सोमवारची तपासणी खरी ठरत होती आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीला शेवटच्या चार महिन्यांत डाग लागत नव्हता. पण मग तिन्ही सोमवार लंबूच्या गळ्यात राहत होते. मास्तरांनी ताडपत्री खाली सोडली आणि दोऱ्या पुन्हा बांधल्या.

गुरुवारी दहाला टेबलामागे साहेब, टेबलासमोर लंबू, भिंतीला मास्तर. साहेबांनी कागद वाचला, रजिस्टर उघडलं, पुन्हा कागद वाचला.

“इथे तीनदा ‘केली’ लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?”

“माझंच. पण केली नव्हती.”

“तिन्ही वेळा?”

“एकदाही नाही. काल केली.”

साहेब माणूस बरा होता. त्याने स्वतःहून एक दार किलकिलं करून दिलं; तुमच्या घरी मध्यंतरी वाईट घटना घडली, ठाऊक आहे, असं म्हणाला. मास्तर म्हणाले की त्याचा या गाडीशी संबंध नाही. दार मिटलं. लंबूवरचा आरोप तिथल्या तिथे खोडला गेला, फीत वाचली. सगळ्या गाड्यांचे मेन स्विच दोन दिवसांत तपासायचा हुकूम निघाला. मास्तरांना लेखी ताकीद मिळाली, आणि निवृत्तीच्या दाखल्यावर जो ‘निष्कलंक’ शब्द येणार होता तो आता येणार नव्हता. रजिस्टर त्यांच्या हातून काढून दुसऱ्याकडे दिलं. खडू राहिला.

बाहेर व्हरांड्यात लंबू थांबला होता. मास्तरांना वाटलं, आता हा आभार मानेल, आणि ते नकोसं होऊन त्यांनी पावलं उचलली.

“काका, तीन आठवडे मला वाटत होतं माझंच डोकं गेलंय,” लंबू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “गाडी लावून घरी जायचो आणि दांडा बघायला परत यायचो. बघितलेलंही खरं वाटायचं नाही. बायकोला म्हटलं, मला विसरायचा आजार झालाय, पोरांना माझ्यासोबत एकटं पाठवू नकोस. तुमचं लिहिलेलं होतं ना, म्हणून.”

मास्तरांनी मान डोलावली. माफ कर म्हणायचं होतं, ते तोंडापर्यंत येऊन परत गेलं. लंबू थोडा वेळ वाट बघून निघून गेला.

संध्याकाळी घरी सासूबाई दाराशीच बसल्या होत्या. जावयाचा चेहरा वाचण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी पाणी दिलं आणि आज काय झालं ते विचारलं. मास्तरांनी सांगितलं. दांडा, दिवा, रजिस्टर, सगळं मोठ्या आवाजात, कारण त्यांना ऐकू कमी यायचं. लंबूचं बोलणंही सांगितलं. ते संपल्यावर मास्तर थांबले नाहीत. खिडकीकडे बघत त्याच आवाजात पुढे बोलत गेले.

“हिचंही मी तेच केलं. तीन बाटल्या आणल्या. तपासलं नाही. तुमची मुलगी माझ्यामुळे गेली.”

वाक्य घरभर झालं. शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल.

 सासूबाई भिंतीचा आधार घेत उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. त्यांच्या पत्र्याच्या पेटीची कडी वाजली. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तसलीच तपकिरी बाटली होती. अर्धी भरलेली.

“ही चौथी,” त्या म्हणाल्या. “मी आणवली. तुमच्या तीन संपल्या, गुण येईना, मला वाटलं आणखी एक झाली की येईल. मीसुद्धा डॉक्टर म्हटलं नाही, जावईबापू. मी तर आई होते.”

मास्तरांनी बाटली हातात घेतली. जड होती.

“मला दिसली नाही कधी.”

“तिनेच लपवायला लावली. म्हणाली, आई, त्यांना कळू देऊ नकोस. त्यांना वाटेल त्यांच्या बाटल्यांनी काही झालं नाही.”

मास्तर बाटलीकडे बघत होते. बुचाभोवती औषध सुकून काळं झालं होतं, टर्मिनलला गंज चढतो तसं. त्यांनी अंगठ्याने ते खरवडून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, इतकं हळू की सासूबाईंना ऐकू यायला नको होतं, पण आलं.

“तीन बाटल्यांनी थोडं तरी बरं वाटलं होतं का तिला? का तेही मला दाखवायला?”

सासूबाईंनी खोटं बोलायचा विचार केला. तो त्यांच्या तोंडावर दिसला आणि गेलाही.

“नाही वाटलं. कडू लागायचं तिला फार. तुम्ही आणलंय म्हणून घ्यायची.”

मास्तरांच्या छातीत कळ आली. आठ महिन्यांनी आली आणि इतकी जोरात आली की ते बाटलीसकट खाली बसले आणि तोंड उघडून रडू लागले. सासूबाईंना त्यांच्याजवळ खाली बसायला वेळ लागला, गुडघे वाकत नव्हते. बसल्या, आणि त्यांच्या बाहीतल्या एका भोकात बोट घालून ते किती मोठं झालंय ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, उद्या सुईदोरा आणा, दोरा तुम्ही ओवून द्या, टाके मी घालते.